मधला थर

टेबलावर बंडी पसरलेली होती, बंडीशेजारी एकपानी अहवाल होता, आणि दोहोंच्या मध्ये आमसुलाच्या साराची वाटी निवत चालली होती. सारावरचे तूप थिजून त्याचा पांढुरका पापुद्रा झाला होता. कालिंदीची नजर अहवालावरून निसटायची ती त्या पापुद्र्यावर जाऊन बसायची, माशी बसावी तशी.

समोर मंजिरीताई होत्या. कालिंदीची थोरली नणंद. लग्न न केलेली, बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. भाऊ गेल्यापासून पैठणच्या ह्या घरात दोघीच राहत. उत्तरपत्रिका वाटून झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मंजिरीताईंना आयुष्यभर आवडत आली होती. आज त्यांनी ती स्वयंपाकघरात पसरू दिली होती.

"नुसती काय बघायलीस त्याच्याकडे?" अखेर त्या म्हणाल्या. "वाच की मोठ्यानं. का मी वाचू?"

"मला पाठ आहे, ताई."

पाठ असणारच होते. अहवालातली शेवटची ओळ कालिंदीनेच अकरा वर्षांपूर्वी रचली होती, आणि तीही दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईसाठी. *दुग्धप्रथिने : मानवी, आढळली. गर्भारपणाची संप्रेरके : आढळली. निष्कर्ष : वस्त्र धारण करणाऱ्या स्त्रीची किमान एक प्रसूती झालेली आहे.* कापड वाचणाऱ्या तिच्या यंत्राने तिचेच वाक्य तिच्या ताटात वाढले होते, शिळे, जसेच्या तसे.

बंडी मात्र ताजी होती. हिरव्या खणाची, आत मऊ भरण घालून धावदोऱ्याने शिवलेली, गळ्याभोवती आणि बाह्यांवर रेशमी भरतकाम. आंब्याच्या कोयऱ्या, राघू, आणि पाठीवर एकच तुळशीवृंदावन. मंजिरीताईंनी चार महिने खपून ती स्वतःच्या हाताने केली होती आणि साखरपुड्यात रुंजीच्या ओटीत घातली होती. रुंजी गिरवलकर अंबाजोगाईची, गेवराईला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. कालिंदीच्या मुलाशी, अद्वयशी, तिचे लग्न ठरले होते. साखरपुड्याच्या दिवशी तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता म्हणून मंजिरीताई सगळा वेळ दाराजवळच्या खुर्चीत बसून होत्या. मोगऱ्याच्या वासाने त्यांची अर्धशिशी उठे. कालिंदीने लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कुंडीत लावलेला मोगरा त्यांनी मुळासकट उपटला होता, आणि त्या गोष्टीवर घरात पुन्हा कधी बोलणे झाले नव्हते.

"लावते अद्वयला फोन," मंजिरीताई म्हणाल्या.

"आज नको, ताई."

"मग कधी? अक्षता पडल्यावर?"

फोन लागला. अद्वय कोचीला जहाजबांधणीत होता. मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होते. मंजिरीताईंनी अहवाल वाचला, संथ, श्रुतलेखन घालावे तसा. पलीकडून आधी हसू आले.

"आत्या, अगं ती गुरांची डॉक्टर आहे. दिवसभर दुधात हात असतात तिचे. म्हशीचं असेल!"

"म्हशीचं कुठलं आणि बाईचं कुठलं हे तुझ्या आईच्या यंत्राला कळतं, राजा. त्याचंच तर तिला एवढं मोठं बक्षीस मिळालं."

हसू थांबले. लोखंड आपटत राहिले.

"आई, तू आहेस का तिथं?"

"आहे."

"हे खरं आहे?"

कालिंदी म्हणाली, "अहवाल तसा आहे."

"मला काही फरक पडत नाही," अद्वय म्हणाला. मग, "पण तिनं सांगायला हवं होतं."

त्या *पण*मध्ये कालिंदीला आपल्या मुलाचा चेहरा दिसला, आणि तो तिला ओळखीचा वाटला नाही.

*

नव्या बंडीची ही रीत जुनी आहे, असे सगळे म्हणत. साखरपुड्याला मुलाकडच्यांनी मुलीला भरतकामाची बंडी द्यायची. दिवाळी, संक्रांत, पाडवा, प्रत्येक सणाला तिने ती अंगभर मिरवायची. आणि लग्नाआधी महिनाभर 'गोंडे लावायला' म्हणून ती सासरी परत यायची. ह्या रीतीचे वय खरे तर दहा वर्षे होते, आणि तिची आई कोण हे कालिंदीला पक्के ठाऊक होते. ती स्वतः.

गोदावरीच्या काठावरच्या वस्त्रसंवर्धन केंद्रात ती तीस वर्षे जुनी लुगडी, चोळ्या, अंगरखे, बंड्या सांभाळत आली होती. ज्या कपड्यांना बायकांची अंगे लागून गेली आणि ज्यांत आता कोणतेच अंग उरले नाही, असे कपडे. त्यांना धुवायचे नसते, हा त्या कामातला पहिला धडा. बाहेरची माणसे येऊन नाक मुरडत: इतका मळ, इतके डाग, आणि तुम्ही हे काचेत ठेवता? कालिंदी म्हणे, मळच तर ठेवतो आम्ही. कापड ही त्याची पेटी.

मळ वाचता येईल हे तिला कापसाच्या एका तंतूने शिकवले. कापसाचा तंतू भरीव नसतो. ती एक अतिसूक्ष्म नळी असते. ओला झाला की तंतू फुगतो, नळी उघडते. वाळला की ती चपटी होऊन पिळा घेते आणि त्या क्षणी तिच्यात जे असेल त्याचा कण आत कोंडला जातो. घाम, दूध, अश्रू, औषध, रक्त. आपण समजतो धुण्याने डाग जातो. वरचा जातो. आतला प्रत्येक धुण्यासरशी अधिकच घट्ट बंद होतो. कालिंदीच्या यंत्राने ह्या बंद नळ्या उघडल्या. वस्त्रावर क्षणभर दवासारखा फवारा, त्या ओलीबरोबर वर येणारे प्रथिनांचे तुकडे, आणि त्या तुकड्यांची वजनावरून ओळख. प्रथिनेही म्हातारी होतात, ठरावीक गतीने आपले रूप बदलत जातात. त्यावरून कोणता कण किती वर्षांपूर्वी कोंडला गेला हेही सांगता येई. त्याला मात्र अठरा तास लागत, आणि वस्त्राचे थर वेगळे करावे लागत.

पहिल्यांदा तिने वाचली ती किरमिजी मश्रू ह्या रेशीम-सुती कापडाची, जरीकाम केलेली एक बंडी. नोंदवहीत 'क्रमांक ११२, स्त्रीवस्त्र, मालक अज्ञात' एवढेच होते. यंत्राने सांगितले: तीन वेळा हिवताप. चार बाळंतपणे. डाव्या खांद्यावर तान्ह्या मुलाची लाळ. चौथ्या बाळंतपणानंतर काहीच नाही, कोरे. जिचे नाव कुणी लिहून ठेवले नव्हते तिचा ताप लिहून ठेवलेला सापडला होता. कालिंदी त्या दिवशी काचेवर कपाळ टेकून रडली, आणि आपण काहीतरी पवित्र केले आहे असे तिला वाटले.

मग एका कंपनीने ते तंत्र घेतले. केंद्राला नवी इमारत मिळाली. जुन्या वस्त्रांपेक्षा नव्या वस्त्रांत लोकांना अधिक रस असतो, हे कालिंदीला कळायला दोन वर्षे लागली. गावोगावी, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, चष्म्याच्या दुकानावर, 'चोळीवाचन' अशा पाट्या लागल्या. *आधी खात्री, मग अक्षता.* वय सांगणारी अठरा तासांची पद्धत त्यांनी गाळली, कारण नव्या कपड्याला वय कशाला. वीस मिनिटांत निकाल मिळू लागला. मुलीला फिट येते का, तिने कसल्या गोळ्या घेतल्या, तिच्या अंगाला कुणाचे अंग लागले. पैठणच्या बसस्थानकासमोरच्या दुकानाबाहेर कालिंदीने रांग पाहिली होती: काका, मामा, थोरले दीर, प्रत्येकाच्या हातात झिपच्या पिशवीत एकेक बंडी, जशी मासळी धरतात तशी अंगापासून दूर धरलेली. एकजण पिशवी थोडी उघडून आत नाक घालत होता आणि शेजारच्याला काहीतरी सांगून हसत होता. ज्यांना भीती होती अशा मुली दुसऱ्या, निरोगी मुलींना आपली बंडी सणासुदीला घालायला देऊ लागल्या. उसन्या घामाचाही बाजार झाला. त्या संध्याकाळी कालिंदीने हात तीनदा धुतले. साबण जात होता, वास जात नव्हता, आणि तो कसला वास आहे हे सांगता येत नव्हते.

तरीही रुंजीची बंडी परत आली आणि मंजिरीताईंनी ती कालिंदीच्या पिशवीत घालून "बाहेर नको, घरच्या हातानं होऊ दे" असे म्हटले, तेव्हा तिने पिशवी उचलली. ताईंचे तोंड बंद होईल, असे तिने स्वतःला सांगितले. पण यंत्राचा हिरवा दिवा लागला तेव्हा तिचे हृदय जे धडधडले ते ताईंसाठी नव्हते. तिला जाणून घ्यायचे होते. रांगेतल्या त्या माणसाइतकेच तिनेही पिशवीत नाक घातले होते, फक्त पांढरा कोट घालून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रात आली. टेबलावर एका बालविवाहितेची बंडी अर्धवट राहिली होती, भरतकामातली कोयरी सुटत चाललेली. कालिंदीने भिंग डोळ्याला लावले, सुई घेतली, आणि सवयीने समोरच्या भिंतीकडे पाहिले. तिथे तिच्याच हस्ताक्षरात लिहिलेला कागद होता, इतक्या वर्षांचा की आता तो तिला दिसत नसे.

*आधी थर मोजा.*

सुई हातातच राहिली.

भरणाच्या वस्त्रात एक बाई कधीच नसते, हे ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या तासाला सांगे. बाहेरचे कापड एकीचे, अस्तर दुसरीचे, पोटातले तिसरीचे. ह्या मुलखातल्या बायका बंडी शिवताना पोटात घरातल्याच एखाद्या बाईचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे घालत, आणि शेवटचा टाका घालण्याआधी चिमूटभर धान्य. बंडीचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणत. कालिंदीने ह्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले होते. आणि काल, सासू होण्याच्या घाईत, तिने बाजारातली वीस मिनिटांची पद्धत लावली होती. तिन्ही थर एकदम. न मोजता.

तिने घरून परत आणलेली हिरवी बंडी पिशवीतून काढली आणि काठाचे टाके उसवायला घेतले.

मंजिरीताईंचे टाके उसवणे सोपे नव्हते. तांदळाच्या दाण्याएवढा एकेक, सरळ ओळीत, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. चार महिन्यांचे काम उसवायला दुपार उलटली. बाहेरचा खण निघाला, नवा. आतली मलमल निघाली, तीही नवी. दोहोंच्या मधून ज्वारीचे सात दाणे टेबलावर घरंगळले. आणि मधला थर: पिवळा, विटलेला, इतका मऊ की उचलताना तो कापड आहे की ऊब आहे हे हातमोज्यांतल्या बोटांना कळेना.

तिन्ही थर तिने तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवले आणि अठरा तासांची पद्धत लावली.

निकाल आला तेव्हा सकाळ सरत होती. खण आणि मलमल ह्यांवर रुंजी होती, फक्त रुंजी: घाम, साबण, आयोडीन, गायीगुरांचा वास, संक्रांतीच्या सुमारास एक किरकोळ ताप. कालिंदीला सुटल्यासारखे वाटले आणि लगेच तिला शिसारी आली. मुलीला निर्दोष ठरवण्यासाठीही तिने तिला आणखी एकदा, आणखी खोलवर वाचले होते. तो ताप तिला कळायचे काय कारण होते?

पिवळ्या थराची नोंद खाली होती. दूध, मानवी. वय एकेचाळीस वर्षे, दोन अधिक-उणे. दुधाचा काळ: सुमारे एकवीस दिवस. त्यानंतर एकाएकी बंद. आणि छातीशी येणाऱ्या भागावर, दुधाच्या शेवटच्या खुणांत मिसळलेला, एक अनपेक्षित अंश. यंत्राने त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव दिले होते. कालिंदीने ते दोनदा वाचले.

मोगरा.

दूध आटवायचे असले की जुन्या बायका मोगऱ्याची फुले छातीशी घट्ट बांधत. मूल गेले, किंवा काढून घेतले, की.

एकेचाळीस वर्षांपूर्वी मंजिरीताई तेवीस वर्षांच्या होत्या. ते वर्ष त्यांनी बी.एड.साठी हैदराबादला, मावशीकडे काढले होते.

*

मंजिरीताई मागच्या पडवीत मेथी निवडत होत्या. कालिंदीने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही.

"ताई, बंडीच्या पोटात कापड कुठलं घातलं होतंत?"

"का गं? माझंच. ती पिवळी सुती साडी. तिच्याइतकं मऊ घरात दुसरं…"

मेथीची काडी हातात राहिली. पडवीतल्या नळाचे थेंब बादलीत पडत होते, आणि कालिंदीला वाटले की आपण इथून निघून जावे. पण जिने हे उघडले तिनेच आता पाठ फिरवायची, हेही किळसवाणे झाले असते.

"थर वेगळे केलेस," मंजिरीताई म्हणाल्या.

"हो."

"सगळी बंडी उसवलीस."

"हो."

"माझ्या पोटात हात घातलास तू, कालिंदी." आवाज चढला नव्हता. वर्गात नसे चढत, तसाच. "किती सांगितलं त्यानं?"

"ताई, राहू द्या."

"किती दिवस सांगितलं?"

"एकवीस."

"बावीस," मंजिरीताई म्हणाल्या. "तुझ्या यंत्राला सांग. बावीस."

त्यांनी काडी मोडली, पाने पातेल्यात टाकली, पुढची काडी घेतली. 

"फेकवलं नाही गं ते लुगडं," त्या खाली बघतच बोलत होत्या. "सगळं फेकलं, तेवढं नाही. चाळीस वर्षं ट्रंकेत. म्हटलं, घरात लग्न निघालंय. कुणाच्या तरी सुखाच्या अंगाला लागू दे. एवढंच."

"आणि तरी तुम्हाला त्या मुलीचं वाचन हवं होतं?"

मंजिरीताईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तिथे एक जुना, कोरडा, धुऊन धुऊन पांढरा पडलेला राग होता.

"मला कुणी सोडलं होतं? मी निस्तरलं. गप्प बसले, लग्नाचं नाव घेतलं नाही, बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या तपासल्या. मग हिनं का फुकटात सुटावं?"

"तिनं काही केलंच नाही, ताई."

"आता कळलं ते. परवा कुठं कळलं होतं?"

आपण कोणाची किळस करत आहोत हेच कालिंदीला आता नीट ठरवता येत नव्हते: समोरच्या ह्या म्हातारीची, त्या यंत्राची, की दाराबाहेर चपलांशेजारी ठेवलेल्या, केंद्राचे चिन्ह असलेल्या स्वतःच्या पिशवीची.

"काय सांगणारेस तिला?" मंजिरीताईंनी विचारले.

"यंत्र चुकलं म्हणून सांगेन."

"ते चुकत नाही असं तूच जगभर सांगत फिरलीस." त्या उठल्या, पातेले कमरेवर घेतले. "माझं नाव घेऊ नकोस. एवढं कर. बाकी तुझ्या शास्त्राला शोभेल ते कर."

*

रुंजीला बोलवावे लागले नाही. कालिंदी केंद्रात परतली आणि त्याच दुपारी तीनच्या सुमारास ती आपणहून तिथे आली, गेवराईहून, मोटारसायकलवर; पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, त्यांना वाळलेले शेण. दाराशी तिने बूट काढू का असे डोळ्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न बघता आत आली. केसांत काही माळलेले नव्हते. दरवाज्याशेजारच्या काचेत क्रमांक ११२ची किरमिजी बंडी होती. तिच्यापुढे ती क्षणभर थांबली.

"अद्वयचा फोन आला होता," ती म्हणाली. "रडत होता. मला म्हणाला, मी तुला माफ केलंय. मी विचारलं, कशाबद्दल? तर सांगेना." ती हसली, पण ते हसू ओठांपलीकडे गेले नाही. "काकू, तुम्ही माझी बंडी वाचलीत?"

कालिंदीला नाही म्हणता आले असते. टेबलावर तिन्ही थर पडलेले होते.

"हो."

"गोंडे लावायला नेली होती."

"हो."

"मला माहीत होतं," रुंजी म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत असतं. माझी मैत्रीण म्हणाली, एखादी मुलगी बघ, तिला घालायला दे. मी म्हटलं, नाही. तिथं तर प्रत्यक्ष कालिंदीकाकू आहेत. त्या स्वतः असलं करायच्या नाहीत. ते बाहेरचे लोक." तिने खिशातून हात काढले, पुन्हा घातले. "काय निघालं?"

कालिंदीने सांगितले. दूध, संप्रेरके, चुकीची पद्धत, तीन थर, संक्रांतीचा ताप. आपल्या चुकीसाठी तिने एकही मऊ शब्द वापरला नाही. तेवढी लाज अजून शिल्लक होती. "ते दूध तुझं नाही. पोटातलं कापड जुनं होतं, चाळीस वर्षांपूर्वीचं. ते…"

"नका सांगू."

"काय?"

"कुणाचं ते. नका सांगू मला." रुंजीने पिवळ्या थराकडे पाहिले आणि नजर वळवली, कुणाचे दार उघडे दिसले की माणूस वळवतो तशी. "ही बंडी कुणी शिवली ते मला माहितीये. त्यांनी माझी ओटी भरताना माझा हात किती वेळ धरून ठेवला होता तेही माहितीये. पुढचं मला नको."

तीस वर्षे वस्त्रे वाचण्यात गेली, आणि न वाचण्याचा हा साधा आदर कालिंदीला ह्या शेणाने माखलेल्या बुटांतल्या मुलीकडून प्रथम शिकायला मिळत होता.

"आजच अद्वयला फोन करते," ती म्हणाली. "त्याला सगळं समजावते. म्हणजे, तुझ्यापुरतं. तू स्वच्छ आहेस हे…"

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला ऐकू आला.

रुंजीनेही तो ऐकला होता. मग तिने अगदी शांतपणे विचारले, दवाखान्यात जनावराच्या मालकाला विचारावे तसे:

"आणि माझं असतं तर, काकू?"

खिडकीच्या जाळीतून नाथसागराच्या पाण्यावरचा वारा आत येत होता. पिवळ्या कापडाची कड हलकेच उचलली जाऊन पुन्हा बसत होती, श्वास घेतल्यासारखी. कालिंदीला अनेक उत्तरे सुचली. त्यातली बहुतेक सुंदर होती, आणि त्यांपैकी एकही खरे नव्हते.

"तर तू आलीस तेव्हा मी वर मान करून तुझ्याकडे बघितलं नसतं," ती म्हणाली. "थर मोजायलाही गेले नसते. गेले ते तुझ्यासाठी नाही, आपली चूक झाली असावी ह्या शंकेनं गेले."

रुंजीने मान हलवली, तपासणीत अंदाज खरा निघाला की हलवावी तशी. ती टेबलाशी आली. हिरवा खण उचलला, भरतकाम न दुमडेल असा हळुवार गुंडाळला. त्यात मलमल ठेवली.

"हे दोन माझे ना?"

"तुझेच."

"माझा ताप-बीप जे काही आहे ते माझ्याजवळ राहू दे." तिने गुंडाळी जाकिटाच्या आत, छातीशी घातली आणि चेन वर ओढली. मग टेबलावरचे ज्वारीचे सात दाणे एकेक करून वेचले, पिवळ्या थराच्या मधोमध ठेवले, आणि त्याची चारी टोके वर घेऊन एक साधी गाठ मारली. गुराला औषधाची पुडी बांधून द्यावी तशी ती पुरचुंडी तिने कालिंदीच्या हातात दिली. "हे ज्यांचं आहे त्यांना द्या. उघडं नेऊ नका."

पुरचुंडीला वजन नव्हते. कालिंदीच्या तळव्याला ती ऊन लागली, किंवा तिला तसे वाटले. इतक्या वर्षांत केंद्रात हातमोजे न घालता धरलेले हे पहिलेच कापड होते.

रुंजी दारापर्यंत गेली. फरशीवर वाळल्या शेणाचे चुरे पडत गेले.

"रुंजी," कालिंदी म्हणाली. आवाज तिचा तिलाच मंजिरीताईंसारखा वाटला, म्हणून तिने तो पुन्हा, लहान करून, काढला. "रुंजी. तू येशील ना घरी?"

काचेतल्या किरमिजी बंडीसमोरून जाताना मुलीची पावले किंचित मंदावली. मग ती दारातून बाहेर पडली, पायऱ्या उतरली, आणि मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.